नारंगीच्या फुलांची भट्टी

आसावरी लांजेवारला असोसिएशनचं पहिलं पत्र आलं ते पाण्याबद्दल होतं. दुसरं आलं ते दारूबद्दल.

ॲरिझोनातल्या चँडलर गावी त्यांच्या वसाहतीत घराला रंग कुठला द्यायचा इथपासून कचऱ्याचा डबा किती वाजता आत घ्यायचा इथपर्यंत सगळं घरमालकांची असोसिएशन ठरवते. पत्रं येतच असतात. कुणाला सुकलेल्या झाडाबद्दल येतं, कुणाला दारात उभ्या केलेल्या बोटीबद्दल. पण हे दुसरं पत्र वाचताना आसावरीची कानशिलं तापली. 'आपल्या मागील अंगणात मद्य गाळण्याचं यंत्र चालू असल्याची तक्रार आमच्याकडे आली आहे,' असं त्यात अगदी सभ्य इंग्रजीत लिहिलं होतं. यंत्र चौदा दिवसांत हलवा, नाहीतर समितीसमोर हजर राहा.

तिचा नवरा शंतनू तिच्या खांद्यावरून वाचत होता.

"हलवून टाक ना," तो म्हणाला. "कशाला उगाच लफडं करायचं?"

"हजर राहते," आसावरी म्हणाली.

"अगं, पण..."

"काहून हलवू? मी काय हातभट्टी लावून राहिली का इथं?"

रागावली की आसावरीचं नागपूर बाहेर यायचं. शंतनू पुण्याचा. वीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता की 'काहून' ऐकू आलं की वाद तात्पुरता मिटवावा.

आसावरीचे वडील नागपूरच्या एका सायन्स कॉलेजात लॅब अटेंडंट होते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली सगळी काच त्यांच्या ताब्यात. शाळेला सुट्टी लागली की ती त्यांच्यामागे लॅबमध्ये जायची आणि एका स्टुलावर बसून पोरांचे प्रयोग बघायची. तिला सगळ्यात आवडायचा तो कंडेन्सर. आत एक बारीक नळी, तिच्याभोवती दुसरी जाड नळी. आतून वाफ जाणार, बाहेरून गार पाणी, आणि पलीकडच्या टोकाला थेंब थेंब करत वाफेचं परत पाणी होणार. पोरं घाईघाईत रबरी नळ्या उलट्या लावायची. मग बाबा येऊन न बोलता त्या सरळ करायचे आणि जाताजाता तिला सांगायचे, "पाणी नेहमी खालून चढवायचं, वरून सोडायचं. नाहीतर नळी अर्धी रिकामी राहते बाप्पा." तास संपला की पोरं नळ तसेच वाहते ठेवून पळायची. बाबा एकेक नळ बंद करत फिरायचे. उन्हाळ्यात नागपूरला पाण्याची ओढ असायची, तेव्हा त्यांनी प्रत्येक बेसिनखाली बादली लावली होती. संध्याकाळी त्या बादल्या कॉलेजच्या बागेत रिकाम्या व्हायच्या.

पुढे आसावरीने त्याच कॉलेजातून एमएस्सी केलं आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत संत्र्याच्या सालींपासून तेल काढणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षं नोकरी केली. तेलाचा पिंप उघडला की नुसत्या वासावरून ती सांगायची, हा माल जास्त तापलाय. यंत्रावर तपासल्यावर तेच निघायचं. लग्नानंतर तिने माहेरचं आडनाव ठेवलं, नोकरी मात्र ठेवता आली नाही. शंतनूला ॲरिझोनात चिप बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं आणि ती त्याच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर आली. त्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, नऊ वर्षं नव्हती. पार्टीत कुणी विचारलं, तुम्ही काय करता, की शंतनू चटकन म्हणायचा, "आसावरी सध्या घरीच असते." त्या 'सध्या'चा तिला मनस्वी राग यायचा.

परवानगी मिळाली तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. तिने सतरा लॅबना अर्ज केले. मधल्या नऊ वर्षांत काय केलंत, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला, कुणी तोंडावर, कुणी उत्तरच न पाठवून. शेवटी एका शाळेच्या ऑफिसात मुलांची हजेरी बघायचं काम मिळालं. ते तिने घेतलं, चोख केलं, आणि अजून करते आहे.

फुलांचं सुरू झालं ते त्यांनी स्वतःचं घर घेतल्यावर. वसाहतीच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी आंबट नारंगीची झाडं आहेत. शोभेची. फळ कुणी खात नाही. पण मार्च महिना लागला आणि एका सकाळी दार उघडल्यावर आसावरी उंबऱ्यातच थांबली. सगळ्या हवेला फुलांचा वास होता. काटोलला मामाच्या बागेत संत्र्यांना आंबिया बहार धरला की यायचा तसाच, फक्त जरा कडवट. पायाखाली पांढऱ्या पाकळ्यांचा सडा पडला होता, आणि पलीकडून एक माळी पाठीवर फुंकणी लावून तो सगळा सडा घोंघों आवाज करत प्लास्टिकच्या काळ्या पिशवीकडे ढकलत होता.

"हे कुठे टाकता?" तिने विचारलं.

"कचऱ्यात," तो म्हणाला. त्याचं नाव रामोन. मेक्सिकोतल्या सोनोराचा. या फुलाला त्यांच्याकडे 'आसाआर' म्हणतात, असं त्याने सांगितलं. तिने आपलं नाव सांगितल्यावर तो मोठ्याने हसला आणि तेव्हापासून तिला 'सेन्योरा आसाआर' म्हणू लागला. छाटणीच्या दिवशी फांद्या खाली पडायच्या आधी त्या चादरीवर झटकून घ्यायच्या, हे तिने त्याला सुचवलं आणि त्याने ऐकलं. शनिवारी सकाळी सातला तो दोन उशांच्या अभ्र्यांत ताजी फुलं भरून दाराशी ठेवायचा.

तिने वीस लिटरांचं तांब्याचं भांडं मागवलं, निमुळत्या झाकणाचं. मागच्या अंगणात गॅसची शेगडी मांडली. भांड्यात पाणी आणि फुलं. झाकणातून निघणारी वाफ तांब्याच्या वेटोळ्या नळीत जायची, आणि ती नळी एका उंच बादलीत गार पाण्यात बुडवलेली. नळीच्या खालच्या तोंडातून बाटलीत पडायचं ते फुलांचं पाणी, वर तरंगणाऱ्या तेलाच्या सोनेरी थेंबांसकट. पहिली बाटली भरली तेव्हा आसावरीने बोट बुडवून मनगटाला लावलं आणि डोळे मिटून हुंगलं. जास्त तापलं नव्हतं. नाक अजून शाबूत होतं.

अडचण एवढीच होती की बादलीतलं पाणी गार राहायला हवं, आणि वाफ ते सारखी तापवते. म्हणून बागेचा पाइप बादलीच्या तळाशी सोडायचा आणि वरून पाणी वाहू द्यायचं. एका भट्टीला तीन तास. तीन तासांत दोनशे लिटर चांगलं पाणी अंगणातल्या खडीवरून वाहत, भिंतीच्या भोकातून रस्त्यावर. आणि हे वाळवंटात. कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि पहिलं पत्र आलं.

ते पत्र तिने फ्रिजवर चुंबकाने लावलं. "हे बरोबर आहे त्यांचं," ती शंतनूला म्हणाली. "बाबांनी बघितलं असतं तर मला लॅबबाहेर काढलं असतं."

तिने नळ बंद केला तो कायमचा. एक शंभर लिटरचा पिंप आणला, त्यात माशांच्या टाकीचा पंप सोडला आणि तेच पाणी गोल फिरवायला लागली. पहिला तास झकास गेला. दुसऱ्या तासाला पिंप कोमट झाला, मग गरम. नळीतून थेंबांबरोबर वाफ बाहेर पडू लागली आणि सगळं अंगण घमघमलं. शेजारचा कुत्रासुद्धा भिंतीशी येऊन हुंगायला लागला. आसावरी मात्र कपाळाला हात लावून बसली. वास अंगणात पसरतोय, म्हणजे तो बाटलीत उतरत नाही.

मग बर्फ. दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून तिने फ्रीझर ठासून भरला. सोळा वर्षांच्या रुहीने फ्रीझर उघडला आणि किंकाळी फोडली, "मॉम! व्हेअर इज माय आइस्क्रीम?" एक भट्टी निघायची आणि पुढचा बर्फ व्हायला दोन दिवस. फुलं दोन दिवस थांबत नाहीत.

शंतनू कारखान्यात पाणी थंड ठेवण्याच्याच विभागात होता. एका रविवारी त्याने लॅपटॉपवर तक्ता मांडला. किती वाफ, किती उष्णता, किती अंश. "एक छोटा चिलर घेऊ," तो म्हणाला. "रेडीमेड. प्लग लावला की झालं. छंदाला तेवढा पुरे."

"छंद नाही हा."

"बरं, प्रोजेक्ट म्हण. पण घरगुती जुगाडाने हे होणार नाही, आसावरी. मी रोज हेच करतो गं."

चिलर वीज खातो, घरघर करतो आणि पाण्यातली उष्णता काढून अंगणातच सोडतो. ते तिला नको होतं. आणि खरं सांगायचं तर 'होणार नाही' हे ऐकल्यावर चिलर घेणं तिला शक्यच नव्हतं. ती अंगणात खुर्ची टाकून बसली. हवा इतकी कोरडी होती की दोरीवरचा ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक झाला. तिने उठून त्याला हात लावला. मघाशी, ओला असताना, तो कसा गारगार लागला होता.

नागपूरचं कुठलं घर आहे, जिथे एप्रिल लागला की माळ्यावरून कूलर खाली येत नाही? पत्र्याची पेटी, तीन बाजूंना लाकडाच्या किसाच्या ताट्या, तळात पाणी, एक पंप, एक पंखा. ताट्यांवरून पाणी ओघळतं, पंखा कोरडी हवा ओढतो, हवा गार होते. त्या हवेपुढे सगळं शहर उन्हाळा काढतं. पण हवेच्या गारव्यात रमून कुणी तळातल्या पाण्याकडे बघत नाही. लहानपणी ताट्या बदलताना तिने त्या पाण्यात हात घातला होता. बाहेर चव्वेचाळीस अंश, आणि ते पाणी माठातल्यासारखं.

चँडलरच्या जुन्या घरांच्या छपरांवरही पूर्वी कूलर असायचे. मेसा गावच्या एका म्हाताऱ्याने काढून टाकलेला एक कूलर तिने गाडीत घालून आणला. नव्या ताट्या घातल्या. चार फुटी लोखंडी घडवंचीवर पेटी चढवली. बादलीतून वाहून येणारं कढत पाणी खाली एका डब्यात पडणार, पंप ते वर ताट्यांवर चढवणार, पंखा त्यातली गरमी उडवून लावणार, आणि तळाशी गोळा झालेलं गार पाणी आपल्या वजनाने उतरून परत बादलीच्या बुडाशी जाणार. खालून चढणार, वरून सुटणार.

पहिल्या भट्टीला शंतनू कारखान्याचा थर्मामीटर घेऊन आला. बाहेर एकतीस अंश. ताट्यांवर पडणारं पाणी त्रेचाळीस. तळातलं पाणी एकवीस. त्याने थर्मामीटर झटकला, परत धरला. एकवीस. तीन तासांनी बाटल्या भरल्या तेव्हासुद्धा बावीसच. हवेत उडून गेलं ते पाणी जेमतेम दहा लिटर.

"हे तर आमच्या कूलिंग टॉवरचंच तत्त्व," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे तुमचा टॉवर हा कूलरच की. चार मजली."

तक्त्यात त्याने हवा किती कोरडी आहे हे धरलंच नव्हतं. पण जाताना तो एक गोष्ट बोलून गेला. "इथलं पाणी फार जड आहे. उडून जातं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. रोज घट्ट होत जातील. लक्ष ठेव."

"ठेवते," असं ती म्हणाली, आणि ठेवलं नाही. जिंकल्याच्या आनंदात माणूस ऐकत नाही, तसं झालं.

घडवंचीवरची ती पेटी भिंतीच्या वर रस्त्यावरून दिसायची. तांब्याचं भांडं, वाफ, नळ्या. कुणाच्या तरी मनात आलं आणि दारूचं पत्र निघालं.

समितीसमोर जायला चार दिवस उरले असताना शनिवारच्या भट्टीला ती फोन घ्यायला आत गेली. बहीण होती, बोलणं लांबलं. परत आली तर नळीच्या तोंडातून थेंबांऐवजी वाफेचा फवारा सुटला होता. पंप बंद पडला होता. गॅस बंद करायला तिने हात पुढे केला आणि वाफ उजव्या हातावर कोपरापर्यंत फिरली.

अर्जंट केअरच्या दवाखान्यातून ती बँडेज बांधून आल्यावर शंतनूने पंप उघडला. आतल्या चकतीवर खडूसारखा पांढरा थर बसला होता. त्याने तो तिच्यासमोर टेबलावर ठेवला. "मी सांगितलं होतं," असं तो म्हणाला नाही, तो वेगळंच बोलला आणि ते तिला जास्त लागलं. "पुरे आता. तुला काय सिद्ध करायचंय? आणि कुणाला?"

"कुणाला नाही," ती म्हणाली. हात ठणकत होता. "तू बरोबर होतास, मी चुकले. क्षारांचं तू सांगितलंस, मी ऐकलं नाही. पण चूक पंपाची झाली, म्हणून सगळंच गुंडाळायचं? तुमच्या कारखान्यात पंप अडकला तर कारखाना बंद करता का?"

"तिथे माणसं असतात लक्ष ठेवायला."

"मग इथे मी आहे."

दुसऱ्या दिवशी तिने डाव्या हाताने पंप व्हिनेगरमध्ये भिजत घातला. त्याच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. प्रत्येक भट्टीनंतर तळातलं एक बादली घट्ट झालेलं पाणी काढायचं आणि तेवढं ताजं घालायचं, असा नियम केला. आणि बादलीतून डब्याकडे जाणारा पाइप तिने मधूनच कापून टाकला. आता ते पाणी उघड्यावर, वीतभर उंचीवरून नरसाळ्यात पडायचं आणि खळखळ वाजायचं. ती खळखळ भट्टी चालू असेतो कानावर यायला हवी. ऐकू येईनाशी झाली की आधी गॅस बंद, मग बाकी सगळं. आणि आवाजाच्या टप्प्याबाहेर जायचं नाही, फोन कुणाचाही असो.

समितीची बैठक बुधवारी संध्याकाळी सहाला, स्विमिंग पूलशेजारच्या क्लबहाउसमध्ये होती. लांब टेबलामागे पाच जण. अध्यक्ष मिस्टर हॅल्व्हर्सन, निवृत्त वैमानिक, उंच, शांत माणूस. आसावरी नऊवारी नव्हे, पंजाबी ड्रेसही नव्हे, शाळेच्या ऑफिसात जाते तशी पँट-शर्टात गेली. हाताला बँडेज. दुसऱ्या हातात तांब्याचं भांडं. शंतनू आणि रुही मागच्या खुर्च्यांवर बसले. रुहीने हूड डोळ्यांपर्यंत ओढलं होतं.

"मॅडम, हे मद्य गाळण्याचं यंत्र आहे का?" हॅल्व्हर्सननी विचारलं.

"गाळण्याचं यंत्र आहे," आसावरी म्हणाली. "मद्याचं नाही. घरी दारू गाळायला या देशात बंदी आहे. फुलांचा अर्क काढायला नाही. हा सरकारी कागद." तिने पाच प्रती टेबलावर ठेवल्या, शेजारी यंत्राची आकृती ठेवली. मग बाटलीचं बूच काढलं आणि बाटली पुढे सरकवली. "आणि हे तुमच्या झाडांचं आहे. दरवर्षी तुम्ही पिशव्यांत भरून फेकता ते."

एकेकाने वास घेतला. टोकाच्या बाईंनी दोनदा घेतला.

"आणि पाणी?" एकाने विचारलं. "गेल्या वेळी रस्त्यावर पाणी आलं होतं."

"ती माझी चूक होती. ते पत्र बरोबर होतं. आता एका भट्टीला दहा लिटर उडून जातं आणि बादलीभर बदलावं लागतं. तुमचं लॉन एका सकाळी याच्या कितीतरी पट पितं."

कुणी हसलं नाही. हॅल्व्हर्सननी तिने काढलेली आकृती हातात घेतली. इंजिनं पाहिलेला माणूस तो, बोट ठेवून पाण्याची वाट शोधत गेला. "हे डिझाइन कुणाचं?" असं विचारताना त्यांची नजर तिच्यावरून मागे शंतनूकडे गेली.

"तिचं," शंतनू बसल्या जागेवरून म्हणाला. "मी म्हणालो होतो, होणार नाही."

मग टोकाच्या बाई जरा गोडीने म्हणाल्या, "डिअर, हे सगळं खूप इंटरेस्टिंग आहे. पण काहीतरी शांत, घरातलं नाही का करता येणार?"

"मी नऊ वर्षं शांत होते," आसावरी म्हणाली. "घरातच होते. आता नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. मागे रुहीने हूड मागे सारलं.

दारूची तक्रार तिथेच निकालात निघाली. पण हॅल्व्हर्सन नियमावलीचं पान उलटून म्हणाले की भिंतीच्या वर दिसेल अशी कुठलीही वस्तू अंगणात ठेवता येत नाही. पेटी दिसते. ती काढावी लागेल. एक महिना.

"भिंतीच्या वर दिसायला नको, एवढंच ना?" आसावरीने विचारलं. "खाली किती, यावर काही नियम आहे?"

त्यांनी पान पुन्हा वाचलं. खाली किती, यावर काहीही नव्हतं.

शनिवारी पहाटे उन्हं यायच्या आत तिने अंगणात चुन्याने सहा बाय सहाचा चौकोन आखला आणि पहार मारली. हातभर माती निघाली आणि पहार ठणकन वाजली. इथल्या जमिनीत खाली चुनखडीचा थर असतो, सिमेंटसारखा. दोन दिवसांत ती चार बोटं खाली गेली. बँडेज मळलं. तिसऱ्या सकाळी ती बाहेर आली तर शंतनू भाड्याने आणलेलं फोडयंत्र घेऊन खड्ड्यात उभा होता.

"तुला पटलंय म्हणून करतोयस, की माझी दया येऊन?" तिने विचारलं.

"दोन्ही नाही. ती बाई तुला 'डिअर' म्हणाली ते मला आवडलं नाही." त्याने कानांवर इअरमफ चढवले. "आणि खड्ड्यात ओली हवा साचून राहील. पंखा वरच्या बाजूला फुंकणारा लाव."

या वेळी तिने ऐकलं. साडेतीन फूट खणून झाल्यावर सगळी रचनाच उलटी करावी लागली. पेटी खाली गेली, त्यामुळे कढत पाणी आता आपल्या आपण ताट्यांवर पडायचं आणि पंपाला फक्त गार पाणी वर चढवावं लागायचं. गरम पाणी सुटल्यामुळे पंपावरचा ताण कमी झाला. खड्ड्याच्या भिंती सावलीत, थंड. पहिल्या भट्टीला तळातलं पाणी वीसवर आलं, आधीपेक्षा एक अंश कमी. रस्त्यावरून आता काहीच दिसत नव्हतं. वास मात्र यायचा, पण वासाबद्दल नियमावली गप्प होती.

त्या वर्षी फुलं संपल्यावर तिने भट्टीला लिंबाची पानं लावली, मग मरव्याची. जुलैत दमट वारे आले तेव्हा पाणी सव्वीसच्या खाली उतरेना, म्हणून ती भट्ट्या मंद आचेवर लावू लागली. शनिवारच्या बाजारात तिचं टेबल आलं. बाटलीवरच्या चिठ्ठीवर वजन, तारीख आणि खाली तिचं पूर्ण नाव: आसावरी लांजेवार, रसायनतज्ज्ञ. शंतनू एकदा म्हणाला, एवढं लांब नाव इथल्या लोकांना वाचता येणार नाही. "शिकतील," ती म्हणाली.

जानेवारीत असोसिएशनच्या वार्षिक सभेची नोटीस आली. त्यात एका नव्या कलमाचा प्रस्ताव होता: अंगणात पाणी खेळतं ठेवून थंड करणारी कुठलीही साधनं बसवू नयेत, जमिनीवर किंवा जमिनीखाली. अख्ख्या वसाहतीत असं साधन एकच होतं.

आसावरीने समितीच्या निवडणुकीला अर्ज भरला.

पाच आठवडे ती शाळेतून आल्यावर दारोदार फिरली. कुणी दाराआडूनच बोललं, कुणी आत बोलावलं. दोन तेलुगू कुटुंबांनी मतदानाचे फॉर्म भरून दिले, एका नर्सने आपल्या सुकलेल्या लॉनबद्दल आलेली तीन पत्रं दाखवली. महाराष्ट्र मंडळातल्या, चार घरं पलीकडे राहणाऱ्या रेणूने मात्र सांगितलं, "आसावरी, उगाच कशाला यार, आपण बाहेरचे. आपल्याकडे सगळे बघतात."

"बघू दे की," आसावरी म्हणाली. "मी काय लपवून ठेवलंय? तू फक्त मत दे."

शनिवारी सकाळच्या सभेत ती एकोणीस मतांनी पडली. कलमावर मात्र एकमत झालं नाही आणि ते पुढच्या सभेवर ढकललं गेलं. निकालानंतर क्लबहाउसच्या पायऱ्यांवर हॅल्व्हर्सननी तिला गाठलं. माणूस वाईट नव्हता. वाद मिटावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. तिने आपणहून ते यंत्र काढून टाकलं तर लोकांचं मत तिच्याबद्दल फार चांगलं होईल, कलमाची गरजच उरणार नाही आणि पुढच्या वेळी ती कदाचित निवडूनही येईल, असं त्यांनी समजुतीने सुचवलं.

आसावरीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मार्च सुरू झाला होता. रस्त्याकडेच्या झाडांवर पांढरे कळे फुटले होते आणि कोपऱ्यावर रामोनची गाडी उभी होती.

"नाही," ती म्हणाली. "मी पुढच्या वर्षी परत उभी राहीन. यंत्रासकट." मग घड्याळ बघून तिने पर्स खांद्याला लावली. "आता मला जायला हवं, मिस्टर हॅल्व्हर्सन. आज तीन भट्ट्या लावायच्यात आणि ऊन चढलं की फुलं मान टाकतात."